दोन पाठी, एक यादी

डोंगरात पहिला मुक्काम करायला निघालेल्या जोडप्याच्या दोन्ही पाठपिशव्या काट्यावर ठेवल्या, तर वजन मिळून तीस किलोंच्या आसपास भरण्याची शक्यता मोठी असते. त्यात टूथपेस्टच्या दोन ट्यूब असतात, दोन पॉवरबँका, दोन जाडे टॉवेल, दोन चाकू, चिवड्याचे दोन डबे, आणि ‘लागलीच तर’ म्हणून घेतलेली जीन्स दोघांचीही. यातली कोणतीही वस्तू अविचाराने घेतलेली नसते. प्रत्येकीमागे एक लहानशी भीती असते: थंडी वाजली तर, भूक लागली तर, कपडे भिजले तर. अनुभव नसला की भीतीला माप राहत नाही आणि मग ती किलोंत भरली जाते. यावर मिळणारा नेहमीचा सल्ला म्हणजे महागडे, हलके सामान विकत घ्या. पण गोव्यातल्या मये, डिचोली, साखळी या पट्ट्यातून एका रात्रीसाठी बाहेर पडणाऱ्या दोघांना ओझे निम्म्यावर आणायला फारसे काही विकत घ्यावे लागत नाही. मुक्कामाची जागा आधी ठरवून तिच्यावरून यादी करायची, आणि ती दोघांची मिळून एकच करायची, एवढे केले तरी बहुतेक काम होते.

आधी वजनाचा हिशेब पाहू. बाजारात सर्रास मिळणारे सामान धरले, तर साठ-सत्तर लिटरची पिशवी रिकामीच दोन किलोंची असते. स्लीपिंग बॅग १.३ किलो, दोघांच्या तंबूतला प्रत्येकाचा वाटा १.४, चूल, गॅस आणि भांडे यांचा वाटा अर्धा किलो, जीन्ससकट जादा कपडे २.२, टॉवेल, स्टीलची बाटली आणि पॉवरबँक मिळून १.१, प्रसाधने ०.७, चटई ०.४, जादा चपला ०.६ आणि गरजेहून अधिक खाणे दीड किलो. ही बेरीज माणशी ११.७ किलो होते. तीन लिटर पाणी म्हणजे आणखी तीन किलो. पंचावन्न किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे ओझे तिच्या वजनाच्या सुमारे २७ टक्के झाले. पदभ्रमण करणाऱ्यांत रूढ असलेला ठोकताळा वीस टक्क्यांच्या आत राहण्याचा आहे, आणि तोसुद्धा चालण्याची सवय असलेल्यांसाठी. पायांतल्या वजनाचा हिशेब तर आणखी कडक आहे. सोल आणि गोल्डमन या संशोधकांनी १९६९ साली डोक्यावर, हातांत आणि पावलांवर बांधलेल्या वजनांची तुलना केली. पावलांवरचे वजन वाहायला तेवढ्याच वजनाच्या शरीराच्या तुलनेत साधारण चार ते सहा पट शक्ती लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे दीड किलोच्या जड बुटांच्या जोडीऐवजी सातशे ग्रॅमची चांगल्या पकडीची जोडी घातली, तर पाठीवरचे तीन-चार किलो उतरवल्यासारखे होते. जांभ्याच्या सुट्या खड्यांवरून उतरताना घोट्यापर्यंतच्या चामड्यापेक्षा तळव्याची पकड अधिक उपयोगी पडते.

आता जागेकडे येऊ. हलक्या सामानावरची बहुतेक पुस्तके थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथे रात्री गारठून जीव जाऊ शकतो, म्हणून यादीतले सर्वांत महत्त्वाचे वजन पांघरुणाचे असते. पाणी मात्र वाटेतल्या ओढ्यांना भरपूर मिळते. आपल्याकडे हे गणित उलटे आहे. डिसेंबर-जानेवारीत पणजीचे रात्रीचे तापमान वीस अंशांच्या आसपास राहते. डिचोली-सत्तरीच्या आतल्या भागात पहाटे ते काही अंशांनी खाली जाते. या हवेत जाड स्लीपिंग बॅग म्हणजे रात्रभर घाम. एक शाल किंवा चादर, पातळ चटई आणि लांब बाह्यांचा उबदार सदरा एवढे पुरते. उलट दमट हवेत चढावर तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो, आणि फेब्रुवारीपासून बरेचसे लहान ओहोळ आटू लागतात. खाणपट्ट्यात तर ओहोळ दिसला तरी त्याचा भरवसा धरू नये, कारण पाणी शुद्ध करण्याची गोळी जंतू मारते, मातीचा गाळ किंवा धातू काढत नाही. म्हणून आपल्या यादीत पाणी ही कमी न करण्याची वस्तू ठरते आणि पांघरूण ही कमी करण्याची. बाहेरची तयार यादी जशीच्या तशी उचलली, तर नेमके उलटे घडते: दोन किलोंची ऊब घेतली जाते आणि पाण्याची मात्र एकच बाटली.

जागा बदलली की यादीही कशी बदलते, हे दोन वाटांवरून स्पष्ट होईल. पहिली मयेहून नार्वेला, तिथून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडीला, आणि पुढे जुन्या गोव्याकडे. ही सपाटीची, वस्तीतून जाणारी वाट आहे. वाटेत नार्वेचे सप्तकोटेश्वर देऊळ लागते, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. इथे दुकाने आहेत, नळ आहेत, माणसे आहेत; दीड लिटर पाणी घेऊन निघाले तरी भागते. दुसरी वाट पारगडाची. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला हा किल्ला डिचोलीहून दोडामार्ग-तिलारीमार्गे गाठता येतो. तान्हाजी मालुसरे यांचा मुलगा रायबा इथे किल्लेदार होता असे परंपरा सांगते, आणि गडावर आजही वस्ती आहे. उंची सुमारे सातशे मीटर. दर हजार मीटरला साडेसहा अंश हा ढोबळ नियम लावला, तर गडावरची रात्र किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असणार, शिवाय वारा वेगळाच. म्हणजे या वाटेला उबदार सदऱ्यासोबत कानटोपी हवी आणि तीन लिटर पाणी हवे. दोन्ही ठिकाणी मुक्काम एकाच रात्रीचा, तरी वजनात दीड-दोन किलोंचा फरक पडतो. पहिल्या खेपेला पहिली वाट घ्यावी, असेच हा हिशेब सुचवतो.

तंबूचा प्रश्नही जागेवरूनच सुटतो. तंबूशिवाय मुक्काम कसला, असे अनेकांना वाटते. पण उघड्या रानात तंबू ठोकणे या भागात बहुधा परवडणारे नाही. म्हादई हे १९९९ साली जाहीर झालेले अभयारण्य आहे. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही, राहणे तर दूरच. दोडामार्ग तालुक्यात २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या रानहत्तींचा वावर आहे, शिवाय गवे आहेत. म्हणून पारगडाची वाट धरण्याआधी स्थानिकांकडे आणि वन खात्याकडे चौकशी करावी आणि उन्हे असतानाच मुक्काम गाठावा. दुसरीकडे आपल्याकडे एक मोठी सोय आधीपासून आहे. गोव्यातल्या कित्येक देवळांना अग्रशाळा आहेत, घाटावरच्या गावांत देवळांचे सभामंडप आहेत, कुणाच्या घराची पडवी आहे. आधी फोन करून, रीतसर विचारून, जे द्यायचे ते देऊन तिथे रात्र काढता येते. डोक्यावर छप्पर असल्याने दंवाचाही त्रास नाही. तंबूच्या पावणेतीन किलोंऐवजी मग साडेचारशे ग्रॅमची दोघांची मच्छरदाणी आणि अंथरायला चारशे ग्रॅमचा प्लॅस्टिकचा ताव एवढेच उरते. अवेळी पाऊस आलाच तर तोच ताव अंगावर घेता येतो.

मात्र यातून एक आक्षेप निघतो, आणि तो रास्त आहे. हा हलकेपणा उसना आहे, असे कुणी म्हणेल. ओझे नाहीसे झाले नाही, ते दुसऱ्यावर गेले. हलके फिरणाऱ्यांची जगप्रसिद्ध उदाहरणे तपासली, तर या आक्षेपात तथ्य दिसते. अमेरिकेतल्या एमा गेटवुड १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब अशी अपलाचियन वाट एकट्या चालून गेल्या. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. घरी शिवलेली एक थैली, ब्लँकेट आणि न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. पण वाटेवरच्या अनेक घरांनी त्यांना जेवण आणि आसरा दिला होता. पंढरीचे वारकरी मोकळ्या हातांनी टाळ वाजवत चालतात, कारण दिंडीचा शिधा आणि वळकट्या बहुतेक ट्रकमधून पुढे जातात. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये सिलोनात भिक्षू झाले. त्या परंपरेत भिक्षूजवळ आठच वस्तू असतात: तीन चीवरे, भिक्षापात्र, कंबरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. तोही गावाच्या अन्नावरच जगतो. तेव्हा आक्षेप मान्य करून एवढेच म्हणायचे की, जिथे असा आधार खरोखर आहे आणि तो आधी ठरवून, मोल देऊन घेतला आहे, तिथेच त्याच्या भरवशावर वजन कमी करावे. आधार नसेल तर सामान वाढवावे किंवा जागा बदलावी. भिक्षूच्या आठ वस्तूंवरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इतकी काटछाट करूनही सुई आणि गाळणे शिल्लक राहिले. फाटलेले सांधायचे साधन आणि पाणी निवळायचे साधन यांना पर्याय नाही. टाकता येण्याजोगे असते ते चौथे चीवर, दुसरे पात्र, म्हणजेच जोडवस्तू.

जोडप्यासाठी हाच मुद्दा सर्वांत मोठा आहे. एकटा प्रवासी चाकू, औषधे, पॉवरबँक, साबण, दोरी हे सगळे एकट्याने वाहतो. दोघांत यातले प्रत्येकी एक पुरते. म्हणजे दोघांनी निघणे हे तत्त्वतः एकट्यापेक्षा हलके असायला हवे. प्रत्यक्षात ते होत नाही, कारण दोघेही आपापली पिशवी आपापल्या खोलीत भरतात. उपाय सोपा आहे: सगळे सामान एका चादरीवर मांडायचे आणि त्याचे तीन ढीग करायचे. पहिला, माणशी एक असलेच पाहिजे असे. दुसरा, दोघांत एक पुरेल असे. तिसरा, घरी ठेवायचे. दुसऱ्या ढिगात मच्छरदाणी, ताव, औषधांची पिशवी, पॉवरबँक, साबण, टूथपेस्ट, डासांचे मलम, चाकू, काडेपेटी, सुईदोरा आणि दोरी येतात. वजन सुमारे १.७ किलो, म्हणजे माणशी साडेआठशे ग्रॅम. पहिल्या ढिगात तीस-पस्तीस लिटरची पिशवी, चटई, शाल, बदलायचे कपडे एक जोड, उबदार सदरा, टॉर्च, ताटली-पेला आणि बारीकसारीक; सगळे मिळून सुमारे तीन किलो. खाणे सातशे ग्रॅम. बेरीज साडेचार किलोंच्या जरा वर जाते. पारगडासाठी तीन लिटर पाणी धरले, तरी एकूण सुमारे साडेसात किलो, म्हणजे पंचावन्न किलोंच्या व्यक्तीसाठी जेमतेम १४ टक्के. आधीच्या पावणेपंधरा किलोंचे हे जवळजवळ निम्मे आहे.

यावर सुरक्षेचा प्रश्न लगेच उभा राहतो. वाटेत दोघांची चुकामूक झाली आणि औषधे एकाच्याच पिशवीत असली तर? म्हणूनच पहिला ढीग काटकसरीने नव्हे, सावधपणे ठरवायचा. पाणी, टॉर्च, शिटी, थोडे खाणे, स्वतःची नेहमीची औषधे, ओळखपत्र आणि मुक्कामाच्या गावातला फोन क्रमांक लिहिलेला कागद हे दोघांकडेही स्वतंत्र हवे. टॉर्च दोन घेणे ही जोडवस्तू ठरत नाही, कारण अंधारात एकाच उजेडामागून दोघांनी चालणे धोक्याचे आहे आणि सापाच्या वाटेवर पाय कुठे पडतो ते दोघांनाही दिसायला हवे. एक वस्तू हरवली तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक वाटून घेतलेल्या वस्तूबाबत विचारावा. साबण हरवला तर काही बिघडत नाही. टॉर्च हरवला तर बिघडते. या एका कसोटीवर दोन्ही ढीग आपोआप वेगळे होतात.

वाटणीतला दुसरा प्रश्न समसमान वाटावे की कसे, हा आहे. दोघांनी बरोबरीचे ओझे उचलले म्हणजे न्याय झाला असे वाटते खरे, पण जोडीचा वेग सावकाश चालणाऱ्याच्या वेगाएवढाच असतो. पुढचा कितीही चपळ असला, तरी त्याला वाट पाहत थांबावेच लागते. म्हणून दमणाऱ्याच्या पिशवीतला एक किलो दुसऱ्याकडे गेला, तर दोघेही लवकर पोचतात. एकाचे वजन ७५ किलो आणि दुसऱ्याचे ५० असेल, तर पंधरा किलोंची वाटणी नऊ आणि सहा अशी बसते. यात पुरुषाने अधिक उचलावे असा नियम नाही. जिला डोंगराची सवय आहे आणि ज्याला नाही, अशी जोडी असेल तर वाटणी उलटी करावी. डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरणाऱ्या आपल्या आज्यांनी असले हिशेब कधी केले नाहीत, असेही कुणी म्हणेल. त्याचे उत्तर संशोधनात आहे. केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचे ओझे डोक्यावरून किंवा कपाळाला लावलेल्या पट्ट्याने जादा शक्ती न लावता नेतात, असे १९८६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हे लहानपणापासूनच्या सवयीचे कसब आहे. पाठीवर पिशवी अडकवलेल्या नवख्याला ते एका रात्रीत मिळत नाही.

खाण्याच्या बाबतीत थोडक्यात आटोपता येईल. एका रात्रीसाठी चूल नेऊ नये. गॅसचा डबा, बर्नर, भांडे मिळून किलोभर वजन होते आणि मिळतो तो दोन वेळचा चहा. शिवाय हिवाळा संपताना या टेकड्यांवरचे गवत आणि काजूच्या बागांतला पाचोळा वाळून कोळ झालेला असतो. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात लागलेले वणवे सर्वांनी पाहिले आहेत. शेंगदाण्यांच्या शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, तेवढ्याच फोवांत साडेतीनशे. गूळ-शेंगदाणे, फोव, चपात्या, केळी आणि पाण्यात टाकायला चार सोले व मीठ घेतले की गरज भागते. रात्रीचे जेवण मुक्कामाच्या गावात आधी सांगून ठेवले तर गावालाही चार पैसे मिळतात.

शेवटचा आक्षेप आरोग्याचा. वजन कमी करण्याच्या नादात औषधांची पिशवी हलकी करू नये. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका भटकंतीचा. पाय झाकणारी पँट, लांब बाह्या, गोचीड दूर ठेवणारे तेल आणि पाचोळ्यावर न बसण्याची शिस्त या चार गोष्टींनी पाठीवरचे ओझे फारसे वाढत नाही. त्या वगळण्याची चूक मात्र महागात पडू शकते. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना रानात राहिल्याचे आवर्जून सांगावे. पायाला फोड येणे हे पहिल्या खेपेचे सर्वांत सामान्य दुखणे. त्यासाठी चिकटपट्टी आणि मोज्यांचा एक जादा जोड घेतलाच पाहिजे. पावसाळ्यात हा सगळा हिशेब बदलतो. ओहोळ फुगतात, वाटा निसरड्या होतात. म्हणून पहिला मुक्काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावा.

निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही पिशव्या पाण्यासकट काट्यावर ठेवा आणि आकडे लिहून काढा. परत आल्यावर न वापरलेल्या वस्तूंची यादी करा आणि औषधे, टॉर्च, शिटी सोडून त्यातले बाकी सगळे पुढच्या खेपेला घरी ठेवा. दुसऱ्या खेपेची तुमची यादी कोणत्याही पुस्तकातल्या यादीपेक्षा अचूक असेल.